राबलेली वर्षे आणि लागलेली वर्षे

(नाशिक रोड येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या नाशिक रोडची प्रेस तुम्हाला ठाऊक आहे. तिचे पुरे नाव इंडिया सिक्युरिटी प्रेस. १९२५ च्या सुमारास ती इथे सुरू झाली. पोस्टाची तिकिटे तिथे छापतात. स्टँपपेपर छापतात. आणि आपल्या देशाचे पासपोर्टही तिथेच छापतात. माणूस दिल्लीचा असो की केरळचा, त्याच्या पासपोर्टाची कोरी पुस्तिका निघते ती आपल्या गावातून. आमच्या शाळेत प्रेसवाल्यांची पुष्कळ पोरे शिकली. ‘गुरुजी, माझे बाबा पासपोर्ट छापतात,’ असे ती ऐटीत सांगत.

पासपोर्ट आपल्या गावात छापला जातो, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण त्या पुस्तिकेत परक्या देशाने काय लिहिले आहे, ते वाचता आले नाही तर नुसता अभिमान काय कामाचा? आज आम्ही त्याविषयी बोलणार आहोत.

याला कारण झाले ते ऐका. गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर तुमच्यातल्याच एक मावशी मागे थांबल्या. पिशवीतून त्यांनी घडी केलेला कागद काढला. म्हणाल्या, “गुरुजी, माझा पोरगा आयटीआय शिकलाय. वेल्डर आहे. आखाती देशात दोन वर्षांच्या व्हिसावर चाललाय. एजंट म्हणतो, एकदा तिकडे गेला की दोन वर्षांनी कायमच होतो. दोन लाख मागतोय. आम्ही अर्धा एकर गहाण ठेवायचं म्हणतोय. ठेवू का?”

त्यांना आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण अशा प्रश्नाला एकदा आम्ही घाईने उत्तर दिले होते. ते चुकले. ती हकीकत पुढे येईलच.

आधी शब्द नीट समजून घेऊ.

पासपोर्ट म्हणजे आपल्या सरकारने दिलेली ओळख. हा माणूस आमचा, असे त्यात आपले सरकार लिहून देते. व्हिसा म्हणजे परक्या देशाने दिलेली आत येण्याची परवानगी. आणि तिसरा कागद म्हणजे तिथे राहण्याचा व काम करण्याचा परवाना. हा परवाना दोन जातींचा असतो. एक मुदतीचा. दुसरा कायमचा.

आता मुदतीचा आणि कायमचा यांतला फरक तुम्हाला आम्ही काय सांगावा! सातपूर, अंबड, सिन्नर इथल्या कारखान्यांत तुमची मुले जातात. टेम्पररी आणि परमनंट हे शब्द घरोघर ठाऊक आहेत. दोघे एकाच मशीनवर उभे असतात. एकच काम करतात. पण टेम्पररीला मधे ब्रेक मिळतो, आणि परमनंटला तसा मिळत नाही. परदेशातही तसेच. मुदतीचा परवाना संपला आणि वाढवून मिळाला नाही, तर गाशा गुंडाळायचा. कायमचा परवाना असेल, तर एक नोकरी सुटली म्हणून देश सोडावा लागत नाही. दुसरी नोकरी शोधता येते. स्वतःचे दुकानही टाकता येते.

मग टेम्पररीचा परमनंट कसा होतो? पुष्कळांना वाटते, वर्षे काढली की आपोआप होतो. इथेच फसगत होते.

आपल्या शेताचे उदाहरण घ्या. १९४८ साली कूळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो त्या जमिनीचा मालक मानला गेला. पण तुमच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकले असेल. ज्याचे नाव कूळ म्हणून कागदाला लागले होते, त्याचे काम सोपे झाले. जो नुसता तोंडी बोलीवर कसत होता, त्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कोणाला जमीन मिळाली, कोणाला नाही. घाम दोघांनी सारखाच गाळला होता. पण एकाची वर्षे नुसती राबण्यात गेली. दुसऱ्याची वर्षे कागदाला लागली.

मंडळी, आजच्या भाषणात एवढे एकच ध्यानात ठेवा. राबलेली वर्षे वेगळी आणि लागलेली वर्षे वेगळी.

आता दोन भावांची हकीकत सांगतो. दोघेही आमचे विद्यार्थी. इथून जवळच्याच एका खेड्यातले. नावे सांगत नाही.

थोरला आयटीआयमध्ये वेल्डर झाला. तो कोर्स एक वर्षाचा. २००४ साली त्याला आखाती देशात जाण्याची संधी आली. कराराचा कागद इंग्रजीत होता. तो घेऊन बापलेक आमच्याकडे आले. आम्ही चष्मा लावून कागद वाचला. पगार किती ते सांगितले. राहण्याची सोय आहे, जेवण आहे, जाण्यायेण्याचे भाडे आहे, ते सांगितले. आणि म्हणालो, “जा बाळा, तुझे कल्याण होईल.” मुदत २४ महिने, असे त्यात लिहिले होते. ते आम्ही वाचले, पण तिथे थांबलो नाही. २४ महिन्यांनंतर काय, हा प्रश्न ना त्यांनी विचारला, ना आम्ही.

तो १६ वर्षे तिथे राहिला. दर दोन वर्षांनी परवाना वाढवून घेतला. गावी पक्के घर बांधले. बहिणीचे लग्न केले. हे काही थोडे नव्हे. पण मनात त्याने धरले होते, की इतकी वर्षे काढल्यावर कधीतरी आपण तिथे कायम होऊ, बायकोमुलांना नेऊ. २०२० साली करोनाची साथ आली. कामे बंद पडली. मालकाने माणसे कमी केली. परवाना मालकाच्या नोकरीवर होता. नोकरी गेली, तसा परवानाही गेला. एक बॅग घेऊन तो परत आला.

तो आम्हाला भेटायला आला, तेव्हा म्हणाला, “गुरुजी, सोळा वर्षांत एक दिवस खाडा केला नाही. तरी मोजायला गेलो तर शून्य.”

त्याला आम्ही काय सांगणार? चूक त्याची नव्हती. आखाती देशांत साध्या कारागिराची वर्षे मोजून त्याला कायम करण्याचा रिवाज नाही. तिथे आठ वेळा दोन वर्षे काढली, तरी नवव्या वेळी पुन्हा दोनच वर्षांचा कागद. हे आम्ही २००४ साली चौकशी करून सांगायला हवे होते. ते आमच्याकडून राहिले. म्हणून या वयात ठिकठिकाणी जाऊन आम्ही हे सांगत असतो.

आता धाकट्याचे ऐका. तो इलेक्ट्रिशियन झाला. हा कोर्स दोन वर्षांचा. काही वर्षे त्याने अंबडच्या एका कारखान्यात काम केले. थोरल्याची परवड त्याच्या डोळ्यांपुढे होती. परदेशी जायचे त्याच्याही मनात होते. पण त्याने आधी प्रश्न विचारला, ‘माझी वर्षे कुठे लागतील?’ चौकशी करता करता त्याचे लक्ष जर्मनीकडे गेले.

जर्मनीचा कायदा असा आहे, तो थोडक्यात सांगतो.

परदेशी कारागिराचा दाखला तिथे आधी ताडून पाहतात. त्यांच्याकडे कारागिरीचे शिक्षण साधारण तीन ते साडेतीन वर्षांचे असते. आपला दाखला त्याच्याशी जुळला, तर पूर्ण मान्यता देतात. थोडा जुळला, तर अर्धवट मान्यता देतात, आणि काय काय कमी आहे ते लिहून कळवतात. कमी असेल ते शिकून पुरे करायचे. मग पूर्ण मान्यता मिळते. पूर्ण मान्यता आणि नोकरी हाती असली, म्हणजे कुशल कारागीर म्हणून राहण्याचा परवाना मिळतो. हा परवाना मुदतीचाच असतो. पण त्याच्यावरची वर्षे मोजली जातात.

अशी तीन वर्षे झाली, म्हणजे कायम रहिवासाचा अर्ज करता येतो. पूर्वी चार वर्षे लागत. २०२४ पासून तीन झाली. ज्याने कारागिरीचे शिक्षण जर्मनीतच घेऊन पुरे केले, त्याला त्यानंतर दोन वर्षांनीच अर्ज करता येतो.

पण नुसती तीन वर्षे पुरत नाहीत. सोबत आणखी अटी आहेत. बोटांवर मोजा.

पहिली. तिथल्या सरकारी पेन्शनच्या खात्यात ३६ महिन्यांची वर्गणी भरलेली पाहिजे. ही वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के असते. निम्मी कामगाराच्या पगारातून कापतात, निम्मी मालक भरतो. आपल्याकडच्या प्रॉव्हिडंट फंडासारखेच समजा.

दुसरी. जर्मन भाषा आली पाहिजे. भाषेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ए-एक, ए-दोन, मग बी-एक. कायम व्हायला बी-एक लागते. म्हणजे दुकानात, दवाखान्यात, कामावर, कचेरीत आपले आपण बोलता आले पाहिजे.

तिसरी. त्या देशाचे कायदे आणि रीतिभाती ठाऊक पाहिजेत. त्यासाठी ३३ प्रश्नांची परीक्षा असते. १५ बरोबर आले की पास.

चौथी. नोकरी चालू पाहिजे आणि कुटुंबाला पुरेल एवढी राहायची जागा पाहिजे.

धाकट्याने हे सगळे कागदावर लिहून काढले. भिंतीला चिकटवले. दिवसा कारखाना, संध्याकाळी भाषेचा वर्ग. सुरुवातीला पोरे हसत. “इथे इंग्रजी येत नाही, अन् हा जर्मन शिकतोय!” त्याने ऐकून घेतले. दाखला ताडायला पाठवला. अर्धवट मान्यता आली. राहिलेले विषय पुरे करायला तो २०२१ साली तिकडे गेला. पहिले वर्ष वर्गात गेले. पगार नव्हता. साठवलेल्या पैशांवर दिवस काढले. ते वर्ष पुढच्या तीन वर्षांत धरले जाणार नाही, हे त्याने आधीच वाचले होते. म्हणून त्याला धक्का बसला नाही. २०२२ साली पूर्ण मान्यता मिळाली, नोकरी लागली, आणि तिथून त्याची वर्षे मोजायला सुरुवात झाली.

मधेच आई आजारी पडली. तो धावत आला. चार महिने आईच्या उशाशी बसला. बिनपगारी रजा होती. आई गेली. घरचे म्हणाले, वर्षश्राद्धापर्यंत थांब. त्याने डोळे पुसले आणि आम्हाला तिथला नियम दाखवला. सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिले, तर परवाना रद्द होऊ शकतो. जास्त दिवस राहायचे असेल, तर तिथल्या कचेरीला आधी विचारावे लागते. आम्ही घरच्यांची समजूत घातली. तो परत गेला. त्या रजेतले तीन महिने पेन्शनच्या खात्यात लागले नाहीत. म्हणून त्याचा अर्ज तीन महिने मागे गेला. २०२५ च्या पावसाळ्यात त्याला कायम रहिवासाचा परवाना मिळाला. त्याने फोन करून पहिले वाक्य काय सांगितले? “गुरुजी, माझे छत्तीस महिने लागले.”

थोरला भाऊ तेव्हा आमच्या शेजारीच बसला होता. त्याचे डोळे भरून आले. आनंदही होता, आणि दुसरेही काही होते. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणखी काही बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, मग सगळ्यांनीच जर्मनीला जावे का? तसे नव्हे. दुरून डोंगर साजरे. तिथे थंडी कडक, भाषा कठीण, माणूस एकटा. शिवाय सगळ्यांना ते दार सारखे उघडे नाही. १ मार्च २०२४ पासून तिथे एक नवी सवलत आली. नोकरीचा करार हातात असेल आणि भाषेची दुसरी पायरी झाली असेल, तर आधी तिकडे जाऊन कामाला लागायचे, आणि दाखल्याची मान्यता तिथे राहून पुरी करायची. पण त्यासाठी मूळ शिक्षण निदान दोन वर्षांचे लागते. आपल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे कोर्स दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर हे एक वर्षाचे. म्हणजे नुसत्या एक वर्षाच्या दाखल्यावर ही सवलत मिळत नाही. म्हणून ज्यांची मुले यंदा दहावी होत आहेत, त्यांनी कोर्स निवडतानाच हे ध्यानात घ्यावे. आणि वयाची ४५ वर्षे उलटल्यावर पहिल्यांदा जाणाऱ्याला जादा पगार किंवा म्हातारपणाची तरतूद दाखवावी लागते, तेही लक्षात असू द्या.

२०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. तिथे कुशल कामगार पाठवायचे, आणि सुरुवातीला १०,००० तरुण तयार करायचे, असे ठरले. ही चांगली गोष्ट आहे. पण दोन सरकारांचा करार म्हणजे आपल्या मुलाच्या नोकरीचा कागद नव्हे. त्या कराराचे नाव सांगून कोणी पैसे मागितले, तर सावध व्हा. मुलाच्या नावाचा, मालकाच्या सहीचा करार वेगळा असतो. तो हातात आल्याशिवाय नोकरी लागली असे समजू नये.

दुसऱ्या देशांचे नियम दुसरे आहेत. ऑस्ट्रेलियात मालकाच्या नावावर मुदतीच्या व्हिसाने गेलेला कारागीर, दोन वर्षे काम केल्यावर, मालकाने शिफारस केली तर कायम होण्याचा अर्ज करू शकतो. तिथेही दाखल्याची पारख आहे, इंग्रजीची परीक्षा आहे, आणि साधारणपणे वय ४५ च्या आत लागते. म्हणजे दार वेगळे, पण कुलूप तेच. हातचे कसब, भाषा, आणि कागदाला लागलेली वर्षे.

ही वर्षे वाया कशी जातात, तेही सांगतो. कारण वर्षे मिळवायला वेळ लागतो, आणि घालवायला एक चूक पुरते.

एक. रोख पगाराचा मोह. कोणी ओळखीचा भेटतो. म्हणतो, “कागदावर कशाला? हातात जास्त देतो.” हातात जास्त येते खरे. पण पेन्शनच्या खात्यात काहीच जात नाही. ते महिने गेले. शिवाय परवानगीवाचून काम केल्याचा ठपका बसला, तर असलेला परवानाही धोक्यात येतो.

दोन. पगाराची चिठ्ठी फेकून देणे. ती जपून ठेवा. तीच आपली साक्षीदार.

तीन. नोकरी सुटली तर गप्प बसणे. जर्मनीत मुदतीच्या परवान्यावरच्या कारागिराची नोकरी मधेच सुटली, तर दोन आठवड्यांत कचेरीला कळवावे लागते. घर बदलले तरी दोन आठवड्यांत नवा पत्ता नोंदवावा लागतो. भीतीने लपवले की साधी गोष्ट अवघड होते. आणि मालक बदलण्याआधी कचेरीला विचारून घ्यावे.

चार. मुदत संपल्यावर जागे होणे. परवाना संपण्याच्या आधीच वाढवण्याचा अर्ज गेला पाहिजे. कांदा काढायला उशीर झाला तर काय होते, ते तुम्ही जाणता.

आता एजंटाविषयी. सगळेच एजंट लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. १९८३ साली आपल्या सरकारने परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी कायदा केला. त्याप्रमाणे कामगार परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची सरकारदरबारी नोंद लागते. त्याला नंबर मिळतो. नोंद झालेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्याला जमत नसेल तर शाळेतल्या पोराला सांगा, तो मोबाइलवर काढून देईल. आणि एजंटाने आपल्या कामाचे किती घ्यावे, त्यालाही सरकारने हद्द घातली आहे. ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर. दोन लाख नव्हे! जो पावती देत नाही, त्याला पैसा देऊ नये.

आणखी एक. ‘आधी सहलीच्या व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो,’ असे कोणी म्हणाला, तर त्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नका. सहलीच्या व्हिसावर काम करणे हा गुन्हा ठरतो. तिथे सापडलेल्या माणसाला मालक ओळख देत नाही, आणि एजंट फोन उचलत नाही.

जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टावर बहुधा एक शेरा असतो. त्याला आखाती देशांत आणि आणखी काही देशांत कामाला जायचे तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. त्यासाठीची सरकारी कचेरी मुंबईत आहे. तिथे करार तपासतात. ही मंजुरी म्हणजे अडवणूक समजू नका. कमी शिकलेल्या माणसाला कोणी फसवू नये, म्हणून ती ठेवली आहे. तिला वळसा घालून जाणारा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

आता कोणी विचारील, कायम झाला म्हणजे मुलगा परका झाला का? नाही. कायम रहिवास म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्याचा पासपोर्ट भारताचाच राहतो. आपल्या नाशिक रोडला छापलेला. पुढे त्याने त्या देशाचे नागरिकत्व घेतले, तर मात्र भारताचे सोडावे लागते. आपला कायदा दोन देशांचे नागरिकत्व मानत नाही. आणि शेताचेही समजून घ्या. परदेशी स्थायिक झाला म्हणून वडिलोपार्जित जमिनीवरचा त्याचा हक्क जात नाही. वारशाने जमीन येऊ शकते. पण तिकडे राहत असताना त्याला इथे नवी शेतजमीन साधारणपणे विकत घेता येत नाही. म्हणून परदेशी जाण्याच्या भरात हातची जमीन घालवताना दहा वेळा विचार करा. गेलेला एकर पैसा आला म्हणजे परत घेऊ, हे म्हणणे वाटते तितके सोपे नाही.

मंडळी, परदेशी राबायला जाणे ही काही आजची गोष्ट नाही. १८३४ पासून आपल्या देशातले मजूर कराराने मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत गेले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्या कराराला ते ‘गिरमिट’ म्हणत. बहुतेकांना वाचता येत नव्हते. कागदावर काय आहे ते दुसऱ्याने सांगायचे आणि यांनी अंगठा उठवायचा. किती राबायचे, किती कापून घेणार, परत कधी येणार, सगळे त्या कागदात. पुष्कळ जण परत आलेच नाहीत, तिथलेच झाले. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी सण साजरे करतात. ज्या धक्क्यावर ते उतरले, ती जागा २००६ साली जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. त्या लोकांचे कष्ट थोर. पण अंगठा उठवताना त्यांना कोणी कागद वाचून दाखवला असता, तर त्यांचे हाल पुष्कळ कमी झाले असते.

तुम्ही या वयात पाटी हातात घेतली ती कशासाठी? सही करता यावी एवढ्यासाठी नव्हे. सही करण्याआधी वाचता यावे, यासाठी. कागद इंग्रजीत असला तरी आकडे वाचता येतात. तारीख वाचता येते. आणि बाकीचे मराठीत लिहून द्या, असे सांगता येते. जो लिहून द्यायला कचरतो, त्याच्या बोलण्यात काही तरी खोट आहे असे समजा.

प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. हा परवाना किती दिवसांचा? तो कोणाच्या नावावर, माझ्या की मालकाच्या? आणि यावर काढलेली वर्षे पुढे कुठे लागतात? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर ‘कुठेच नाही’ असे आले, तरी जाऊ नये असे नाही. दोन वर्षे कमवावे, कर्ज फेडावे, परत यावे. हाही चांगला बेत आहे. पण मग तो बेत ठरवूनच जावे. दोन वर्षांच्या कागदावर जन्माचे घर बांधू नये.

आता त्या मावशींचे सांगून संपवतो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत तो कागद घेऊन बसलो. या वेळी घाई केली नाही. म्हटले, “मावशी, आकडे तुम्ही वाचा.” त्यांनी बोट ठेवून वाचले. मुदत, २४ महिने. मग आम्ही सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचून मराठीत सांगितला. त्यांनी विचारले, “गुरुजी, कायम असं कुठं लिहिलंय?” आम्ही म्हणालो, “कुठेच नाही.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, “पोराला जायचं तर जाऊ दे. पण दोन वर्षांसाठी जाऊ दे. त्यासाठी जमीन गहाण पडणार नाही. आणि एजंटाला आधी नंबर विचारते, अन् पावती.”

मावशी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी आम्हाला परवानगी दिली, म्हणून हे सांगितले. मुलगा जाईल की राहील, ते त्यांच्या घरचे ठरवतील. पण २००४ साली जे आमच्याकडून झाले नाही, ते या वेळी एका आईने स्वतःच्या बोटाने केले.